अठ्ठावीस बोटं

रविवार, २८ जून १९९८

पोहोचलो. ही वही हॉस्पिटलच्या सिस्टर पॉलीनने दिली आहे, क्लाइव्हचं रोजचं वजन आणि तो किती पाणी प्याला ते लिहायला. मी तीत माणसांबद्दलही लिहिणार आहे. वजनापेक्षा माणसं जास्त वर-खाली होतात, आणि त्यांच्याबद्दल खरं बोलायची सोय वहीतच असते.

अ‍ॅडलेडच्या नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं फायली लावल्यावर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी, डोरीन पेनहॉल, या दोनशे वस्तीच्या गावात राहायला आले. नवऱ्याच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला. क्लाइव्ह म्हणाला, मरायचंच तर जन्मलो तिथे. मी म्हटलं, मरायचं नाहीये, बाकी गाव चालेल. पोर्ट ऑगस्टाला रक्त गाळायचं मशीन आहे, चाळीस किलोमीटरवर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एक वार चुकला तर पाय सुजतात, दोन चुकले तर छातीत पाणी, तीनबद्दल सिस्टर बोलत नाही.

घर रेल्वेच्या गँगमनचं आहे, दगडी, पत्र्याच्या छपराचं. छपरावर गुलाबी काकाकुव्यांची सभा भरलेली असते. बॅगा उतरवायच्या आत शेजारची लॉर्ना क्वांडाँग या रानफळाची भाजलेली पाई घेऊन हजर. मुद्दाम बिनमिठाची केलीय म्हणाली. गावाला आमच्या मूत्रपिंडांची बातमी आमच्याआधी पोचली होती. पाई पुठ्ठ्यासारखी लागली. आम्ही दोघांनीही ती हसत हसत संपवली. खूप दिवसांनी हसलो.

वजन ७४. पाणी अर्धा लिटर. मनाने उत्तम.

मंगळवार, ३० जून

नोकरीचा पहिला दिवस. मंगळवार, गुरुवार, शनिवार दगडांचे. मधले तीन मशीनचे. रविवार देवाचा आणि कपड्यांचा.

गावाबाहेर पत्र्याची लांबलचक शेड आहे. डोंगरात बोअर मारताना पोकळ नळीतून दगडाची लांब कांडी वर येते, उसासारखी गोल. अशा मैलभर कांड्या शेडमध्ये जस्ती ट्रेंत ठेवल्यात. ओळी पुस्तकासारख्या डावीकडून उजवीकडे, वरची ओळ वरच्या दगडाची, शेवटची खालच्या. राखणदार मर्व ट्रेझाइज, वय चौऱ्याहत्तर. या बोअर त्यानेच मारल्या. मला ‘बये’ म्हणतो. तक्रार करावी तर शेडमध्ये वरिष्ठही तोच.

शनिवार, ४ जुलै

मर्वने आज नऊ नंबरची बोअर दाखवली. तांबडा दगड, त्यात थरावर थर. साठ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. भरती गाळ आणायची आणि निजवून जायची. दिवसाला एक थर. पौर्णिमा-अमावस्येला जाड, मधे बारीक, चौदा थरांचा एक गठ्ठा आणि गठ्ठ्याच्या शेवटी काळी रेघ. बाकीच्या बोअरमध्ये थर कागदासारखे आहेत. नऊ नंबरमध्ये एकेक थर साधारण बोटभर जाड. एक बोट, एक दिवस. विद्यापीठातली माणसं तेवढ्यासाठी येतात.

तेव्हा वर्षाचे दिवस चारशे होते म्हणे. क्लाइव्ह म्हणाला, म्हणजे सुयाही तितक्याच जास्त.

कुठे कुठे दगड भुसभुशीत असतो, वरच येत नाही. बोअर किती खोल गेली आणि कांडी किती आली हा फरक मोजून मर्व तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा मधे ठेवतो आणि त्यावर खोली लिहितो. त्याला तो खाडा म्हणतो, कामगाराच्या खाड्यासारखा. मी विचारलं, आलाच नाही तर जागा कशाला अडवायची? तर म्हणाला, “वर आला नाही म्हणून तो दिवस उगवलाच नव्हता असं होत नाही, बये. त्याची जागा त्याची.”

पन्नास वर्षं ऐकायला कुणी नसलं की माणूस दगडांनाही कामगार कायदा लावतो.

गुरुवार, ९ जुलै

मर्व उद्या अ‍ॅडलेडला जातो आहे, मोतीबिंदू काढायला. तीन आठवडे. ऑगस्टमध्ये विद्यापीठवाले येणार. आज शेडवरून निघताना मोटारीच्या खिडकीतून ओरडला, “नऊ नंबरला जागा करून ठेव.” बस, एवढंच. आमच्या कचेरीत साहेब लोक याहून कमी बोलायचे आणि जास्त चुकायचे.

शनिवार, ११ जुलै

जागा केली. अशी केली की मर्वला नवे डोळे मिळाल्याचं सार्थक वाटेल.

फायलींच्या कपाटात फट दिसली की माझे हात शिवशिवतात, तो स्वभाव आता जायचा नाही. नऊ नंबरमध्ये पाच ठोकळे होते. दोन ठोकळे एकेका बोटाचे, एक दोन बोटांचा, एक चार बोटांचा, आणि शेवटचा चांगला हातभर, वर चार बोटं. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात म्हणजे चोवीस बोटं, माझ्या हाताला लावून पाहिला. पाचही काढले आणि कांड्या सरकवून टोकाला टोक भिडवली. किती छान भिडली. पुढच्या सगळ्या ओळी वर ओढून घेतल्या, अख्खा एक ट्रे रिकामा निघाला. ठोकळ्यांवरची अक्षरं पुसट झाली होती, लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं. शेडच्या लोखंडी शेगडीत घातले. बाहेर पाणी गोठवणारी थंडी, आणि हातभराच्या ठोकळ्याने मला पाचपर्यंत ऊब दिली.

क्लाइव्ह जेवताना म्हणाला, आज बटाट्याला चव आहे, मीठ घातलंस ना चोरून? मी चिमूटभरही घातलं नव्हतं. नवऱ्याने स्तुती केली की खुलासा करू नये, म्हणून गप्प बसले.

~~रविवार, १२ जुलै~~ सोमवार, १३ जुलै

वर खोडलंय, कारण सकाळी उठून मी रविवार समजून कपडे भिजवले. रेडिओने सोमवार सांगितला. लॉर्ना म्हणाली, काल चर्चला आला नाहीत, दार वाजवलं, आतून चकार शब्द नाही. आम्ही रविवारभर झोपलो? दोघंही? क्लाइव्ह म्हणाला, म्हातारपणी एवढी चैन चालते.

मशीनला उशिरा का होईना पोचलो. सिस्टर म्हणाली, मशीनची जाळी थोडी तांबूस दिसते, गावचं पाणी गढूळ आहे का?

उशाशी ठेवलेल्या माझ्या रिकाम्या कपात तांबडा गाळ बसलेला. ओला. बोटभर.

गुरुवार, १६ जुलै

मंगळवारी रात्री आठला जेवलो. क्लाइव्ह म्हणाला, मटणाला मीठ छान लागलंय. झोपलो. उठलो तर गुरुवार.

बुधवार नाही. माझ्याकडे नाही. त्याच्याकडे नाही. बुधवारचं मशीन चुकलं.

त्याचे पाय सकाळी पावासारखे फुगलेले, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. रडकुंडीला येऊन ऑगस्टा गाठलं. सिस्टरने मशीन मधे लावून दिलं, पण मला बाजूला घेऊन विचारलं, मिसेस पेनहॉल, तुम्ही घेता का? म्हणजे दारू. मी म्हटलं, अजून नाही, पण सुचवल्याबद्दल आभारी आहे. ती हसली नाही.

क्लाइव्ह मात्र तोच. म्हणतो, “एक दिवस कमी म्हणजे दोन सुया कमी, डोर. तू कशाला रडतेस?”

त्याच्या पाण्याच्या पेल्यात गाळ. बोटभर. शेडमधल्या मर्वच्या भिंगाखाली धरला. एकच थर.

बुधवार, २२ जुलै

रविवारी अंड्याला मीठ लागलं. आज बुधवार. सोमवार आणि मंगळवार गेले.

वॉशबेसिन तांबड्या गाळाने भरलेलं. दोन बोटं. वर भरतीच्या लाटेच्या बारीक वळ्या. समुद्राचा वास. इथून समुद्र चाळीस किलोमीटर आहे.

क्लाइव्हला धाप लागते. मशीनने त्याच्यातून जे काढलं ते सिस्टरने झाकून नेलं.

परत येताना गाडीत कळलं. एकदम, ब्रेक दाबावा लागला इतकं. एक बोट. एक बोट. दोन बोटं. त्याच क्रमाने. मी शेगडीत घातले त्याच क्रमाने, वरून खाली.

पुढे चार आहेत. आणि मग तो लांब.

गुरुवार, २३ जुलै

दिवस उजाडल्यापासून शेडमध्ये. म्हटलं, सोपं आहे, कांड्या परत सरकवायच्या, नवे ठोकळे कापायचे, खोक्याचं लाकूड आहे. पण सांधे सापडत नाहीत. जिथे जिथे टोकं भिडवली तिथे सांधाच नाही. भिंगातून पाहिलं. नखाने पाहिलं. दगड एकसंध. जखम भरून यावी तसा.

मग सुचलं. गठ्ठा चौदाचा. जिथे कमी भरेल तिथे खाडा. मोजायला बसले, वरून. सहाव्या गठ्ठ्यात तेरा. अकराव्यात तेरा. एकोणिसाव्यात बारा. म्हणजे बरोबर आहे, म्हणजे सापडतं. पण ते तीन तर खर्च झाले. चार बोटांचा खाली कुठेतरी आहे. अंधार पडला. भिंगातून काळी रेघ दिसेना.

शुक्रवार, २४ जुलै

आज मशीन. मोजायचं की न्यायचं? मशीन चुकवून नवरा वाचवायचा, हा प्रकार मला जमला नाही. नेलं.

सिस्टरला सांगितलं, आज ठेवून घ्या त्याला. ती म्हणाली, खाट नाही, आणि तब्येत आज बरी आहे, काय कारण लिहू? मी काय सांगणार? गालिच्यावर उभं राहून साहेबाला कारण सांगायची सव्वीस वर्षांची सवय, आणि एक कारण सुचलं नाही.

घरी. क्लाइव्ह टोस्ट खातो आहे.

तो ओठ चाटतो आहे.

बुधवार, २९ जुलै

शनिवार रविवार सोमवार मंगळवार. चार.

लॉर्नाने सोमवारी खिडकीतून पाहिलं होतं. बिछाना रिकामा होता म्हणाली. गाडी दारात, बिछाना रिकामा. मी बिछान्यातच उठले. तो माझ्या शेजारी. नखं वाढली नव्हती, दाढी वाढली नव्हती. फक्त जे जे पोकळ, ते भरलेलं. बूट. चहाची किटली. त्याच्या कानांच्या वाट्या. आणि तो तोंड उघडं टाकून झोपतो. तीस वर्षं मी त्यावरून त्याला टोमणे मारलेत.

बोटाने काढलं. चार बोटं खोल घशापर्यंत. खोकला. श्वास आला. खोकत राहिला.

अ‍ॅम्ब्युलन्स. ठेवून घेतलं. आता खाट निघाली.

गुरुवार, ३० जुलै

एक गोष्ट पक्की. खाडे माझ्या घराला पडतात. हॉस्पिटलात पडत नाहीत, तिथे मशीन चालू, तारीख पाटीवर. तो तिथे राहिला तर फक्त मी जाईन. ते परवडतं.

त्याला सांगितलं, छप्पर गळतंय, माणसं लावलीत, दोन महिने येऊ नकोस. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, “कंटाळलीस ना मला? सरळ सांग की.” मी म्हटलं, हो.

हो म्हटलं. तोंड धुवायला गेले आणि परत त्याच्या खाटेकडे गेले नाही.

शेड. दहाचा गठ्ठा सापडला, चौतिसावा. चारचा खाडा तिथे होता. चोवीस तास उशीर, चार दिवस उशीर, काय फरक. पुढे मोजलं. चौदा. चौदा. चौदा. तळापर्यंत सगळे चौदा. मोठा खाडा कुठेच नाही.

परत मोजलं. सगळे चौदा.

शुक्रवार, ३१ जुलै

मर्व परतला, एका डोळ्यावर पट्टी. नऊ नंबरच्या ट्रेंत त्याने ठोकळे शोधले. मी सगळं सांगितलं. वेडी म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. त्याने टोपी काढून बाकावर ठेवली.

“जागा करून ठेव म्हणजे नऊ नंबर मांडायला टेबल रिकामं कर म्हटलं होतं, बये.”

मी म्हटलं, ते आता कळलं. हातभराचा कुठे होता ते सांगा.

“हातभर आणि चार बोटं?”

हो.

“चोवीस आणि चार, म्हणजे अठ्ठावीस.” तो खाली बसला. “दोन गठ्ठे पुरते. चौदा आणि चौदा. ते काढले तर मागेपुढे सगळं चौदाच भरणार. मोजून नाही सापडायचा तो.”

मी म्हटलं, तुम्ही ठेवलात, तुम्हाला आठवत असेल. म्हणाला, आठवायला लागू नये म्हणून तर त्यावर लिहून ठेवलं होतं.

अंदाजाने ठेवू का, विचारलं. म्हणाला, चुकीच्या जागी ठेवलास तर आणखी एक फट. मग एका डोळ्याने कांड्यांवरून हात फिरवत बसला, आंधळ्यासारखा, काळोख होईपर्यंत. त्याला सापडलं नाही.

अठ्ठावीस दिवस. बारा मशिनं.

क्लाइव्ह हॉस्पिटलात आहे. तिथेच राहू दे.

शनिवार, १ ऑगस्ट

सकाळ. हॉस्पिटलला फोन केला. काल मशीन झालं, आज उठून बसलाय, नर्सेसना विनोद सांगतोय. देवा.

मी तयार आहे. पोकळ सगळं पालथं घातलं. कप, भांडी, बूट. स्वतःच्या तोंडाला ओढणीसारखा रुमाल. मी गेले तर फक्त मी.

शनिवार, दुपार

दारात लॉर्नाची गाडी. लॉर्ना आणि —

क्लाइव्ह.

लॉर्ना म्हणाली, नवरा-बायकोत असं चालतंच गं, दोन रात्री खाटेवर भिंतीकडे तोंड करून रडला म्हणे तो, मला राहवेना, सही करून घेऊन आले. सोमवारी मीच नेते त्याला, तू आराम कर. मी म्हटलं, परत ने. आत्ता. ती म्हणाली, काय बाई आहेस. टेबलावर पाई ठेवली आणि गेली.

क्वांडाँगची. बिनमिठाची.

मी किल्ली शोधत होते. तो खुर्चीत बसला, काप कापला, खाल्ला. म्हणाला, “अखेर लॉर्नालाही मिठाचं प्रमाण जमलं.”

गाडी सुरू होत नाही. टाकीत गाळ. फोन — कानाच्या भोकांत गाळ, ओला. उन्हात उभी आहे आणि घोट्यांना गार पाणी लागतंय, पाणी दिसत नाही.

त्याला बिछान्यावर आडवं केलं. तोंडावर माझा हात. तो विचारतो डोळ्यांनी. मी सांगितलं, कंटाळले नव्हते. कधीच नाही. त्याने मान हलवली, माहीत होतं अशी.

डावा हात त्याच्या तोंडावर. उजव्याने लिहिते. कारण सुचलं. आत्ता सुचलं. ठोकळा काय करायचा? काही नाही. जागा धरायचा. त्यावर लिहिलेलं असायचं. लाकूड नाही — लिहिलेलं. ही वही आहे. पानं कोरी आहेत. कोरी ठेवायची नाहीत —

२ ऑगस्ट, रविवार. क्लाइव्ह आहे. चर्चला गेलो. लॉर्ना गाण्यात बेसूर.

३ ऑगस्ट, सोमवार. मशीनला गेलो. वजन ७४. क्लाइव्ह आहे.

४ ऑगस्ट, मंगळवार. क्लाइव्ह आहे. मटण. मीठ नाही.

५ ऑगस्ट, बुधवार. मशीन. आहे.

६. गुरुवार. आहे. गुडघ्यापर्यंत

७. शुक्रवार. मशीन. आहे. त्याचा श्वास हाताला लागतो

८. शनि. आहे

९. आहे

१०. सोम. मशीन. आहे. हात उचलायचा नाही

११. आहे. आहे.

१२. बुध. मशी

१३. क्लाइव्ह आ